रेव्हरंड टिळकांचा संन्यास : त्याग की टाकून जाणे?

९ मे ही तारीख मराठी ख्रिस्ती समाजाने मनात जपून ठेवावी अशी आहे. १९१९ साली याच दिवशी मुंबईत रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रभूच्या घरी गेले. टिळक आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचे सभासद नव्हते. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांची सेवा घडली. तरीही आपल्या देवळांतून रविवारच्या पवित्र मिस्साबलीदानाच्या वेळी त्यांची गीते गायली जातात आणि गाणाऱ्याला ती परकी वाटत नाहीत. परभणी, गंगाखेड, जिंतूर परिसरातल्या आमच्या भाविकांनाही टिळक परिचित आहेत ते या गीतांमुळे. त्यांचे जीवन मात्र तितकेसे परिचित नाही.

या लेखात आम्ही त्यांच्या जीवनाकडे एका विशिष्ट प्रश्नाच्या प्रकाशात पाहू इच्छितो. सर्व काही सोडून देवाच्या शोधात निघून जाणे हे अनुकरणीय आहे, की बेजबाबदारपणाचे? हा प्रश्न पुस्तकी नाही. धर्मगुरूंकडे येणाऱ्या माणसांत, आता सगळे सोडून कुठेतरी निघून जावे असे वाटते, असे सांगणारे थोडे नसतात. कोणाच्या मागे कर्ज असते, कोणाच्या घरात कलह असतो, कोणाच्या अंतःकरणात मात्र देवाने खरोखर हाक दिलेली असते. या तिन्ही माणसांचे शब्द जवळजवळ सारखेच असतात. त्यांच्यात भेद कसा करावा हे टिळकांच्या जीवनातून शिकण्यासारखे आहे, कारण टिळकांनी आयुष्यात एकदा नव्हे, अनेकदा घर सोडले.

जन्मजात भटकंती

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील कठोर स्वभावाचे होते. आई जानकीबाई यांना काव्याची आवड होती आणि मुलाच्या मनात कवितेचे बीज त्यांनीच पेरले. आई लवकर गेली. आईविना घर उरले नाही असे वाटून नारायण कोवळ्या वयातच घराबाहेर पडला आणि नाशिकला पोहोचला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृतचे अध्ययन केले. पुढे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्याचा विवाह झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे वधू अगदीच लहान होती. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले.

संसार सुरू झाला, पण टिळकांचे पाय घरात ठरत नव्हते. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी पुराणिक, कधी नियतकालिकाचे संपादक, असे त्यांचे व्यवसाय बदलत गेले आणि गावेही बदलत गेली. पुष्कळदा कोणालाही न सांगता ते निघून जात आणि पुष्कळ दिवसांनी परत येत. मागे लक्ष्मीबाई कधी सासरी, कधी माहेरी, कधी बहिणीच्या आश्रयाला राहत. टिळकांच्या मनातली तळमळ खोटी नव्हती. जातिभेदाने पोखरलेल्या या देशाला नवे जीवन देऊ शकेल असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. परंतु त्या तळमळीची किंमत चुकती करणारी व्यक्ती दुसरीच होती, हेही तितकेच खरे.

या काळातील त्यांच्या मनाची साक्ष त्यांच्या ‘वनवासी फूल’ या दीर्घकाव्यात सापडते. वनात एकट्याने फुललेले फूल आणि कवी यांचा तो संवाद आहे. जगापासून दूर राहून फुलावे, की जगात मिसळून, कोमेजण्याचा धोका पत्करून सुगंध द्यावा, हा त्यातील वाद आहे. आपल्या परंपरेत ज्याला निवृत्ती आणि प्रवृत्ती म्हणतात त्यांचाच हा झगडा होय. तो टिळकांनी कागदावर मांडला आणि पुढे आयुष्यभर जगून पाहिला.

१८९५ : बाप्तिस्मा आणि मागे राहिलेली पत्नी

नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली. तो गृहस्थ कोण हे टिळकांना पुढेही कधी कळले नाही. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर आपल्या प्रश्नांची उत्तरे येथे आहेत असे त्यांना जाणवले. वाचन, चिंतन आणि पत्रव्यवहार यांत बराच काळ गेला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयामागे पत्नीची संमती नव्हती. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा मुलगा होता. पती जिवंत, पण धर्म आणि जात सोडून गेलेला. अशा स्त्रीला त्या काळच्या समाजात ना सधवेचा मान, ना विधवेची सहानुभूती. पाच वर्षांच्या आसपासचा काळ त्यांनी विरहात काढला. त्यातला काही काळ त्यांचे वास्तव्य पंढरपुरात होते. दुःखाने त्यांचे शरीर खंगले, पण ह्याच काळात त्या कविता करू लागल्या.

येथे आपण थांबून विचार केला पाहिजे. सद्सद्विवेकबुद्धीची आज्ञा पाळणे हे प्रत्येक माणसाचे कर्तव्य आहे, असे ख्रिस्तसभा शिकविते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनाम्यात हे स्पष्टपणे मांडले. ज्या सत्याची खात्री पटली त्यापासून टिळक मागे फिरले असते तर ते स्वतःशी आणि देवाशी अप्रामाणिक ठरले असते. त्या दृष्टीने त्यांचे पाऊल धैर्याचे होते. प्रतिष्ठा, उपजीविका, आप्तस्वकीय यांतले काहीही त्यांच्या हाती राहणार नव्हते. परंतु सत्य स्वीकारणे ही एक गोष्ट आणि आपल्यावर विसंबून असलेल्या माणसाला अंधारात ठेवणे ही दुसरी गोष्ट. पहिली देवाची हाक असू शकते. दुसरीचे खापर मात्र देवावर फोडता येत नाही.

टिळकांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की त्यांनी पत्नीला कायमचे टाकले नाही. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले, दुसरा विचार मनात आणला नाही. अखेर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन त्यांच्याकडे राहावयास आल्या तेव्हा त्यांना आपले सोवळेओवळे आणि वेगळा स्वयंपाक चालविण्याची मोकळीक होती. त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती टिळकांनी केली नाही. जात माणसाने निर्माण केली, देवाने नव्हे, हा निष्कर्ष लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने काढला आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जी माघारी सोडून दिलेली स्त्री होती ती स्वतःच्या पायांनी चालत सहप्रवासिनी झाली.

भरलेले घर

त्यानंतरची सुमारे दोन दशके टिळकांनी मुख्यतः तेव्हाचे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि राहुरी येथे व्यतीत केली. मिशनच्या धर्मविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. परदेशी चालींवर बेतलेल्या उपासनागीतांच्या जागी त्यांनी मराठी मातीतील भजने आणि अभंग दिले, ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजविली. तुकोबारायांसारख्या संतांच्या बोटाला धरूनच आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, ही त्यांची भावना होती.

दुष्काळ आणि प्लेग यांनी महाराष्ट्र होरपळत असता टिळक दांपत्याने अनाथ मुलांना घरात आसरा दिला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात बालकवी म्हणून गौरविले गेलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे या घरात मुलासारखे राहिले. हातात पैसा टिकत नव्हता. टिळक देऊन मोकळे होत आणि उद्याची भाजीभाकरी लक्ष्मीबाईंना पाहावी लागे. तरीही घर सोडून हिंडणाऱ्या माणसाचेच घर इतरांचे आश्रयस्थान झाले, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते.

१९१७ : देवाचा दरबार

१९१७ साली टिळकांनी पुन्हा एकदा सर्व सोडले. मिशनच्या वेतनाचा राजीनामा देऊन त्यांनी ख्रिस्ती संन्यास स्वीकारला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसमाज असावा अशी त्यांची कल्पना होती. ख्रिस्ताकडे ओढला गेलेला देशबांधव परदेशी पैशाच्या आणि परदेशी रीतीरिवाजांच्या भिंतीमुळे दूर राहतो, ही खंत तिच्या मुळाशी होती. वेतन घेणारा उपदेशक आणि त्याग करणारा साधू यांत भारतीय मन कोणाचे ऐकेल, हे त्यांना ठाऊक होते.

तेव्हा टिळकांचे वय पंचावन्नच्या पुढे होते, प्रकृतीची साथ नव्हती, संसाराला ठेव नव्हती. व्यवहारी माणसाच्या दृष्टीने हे धाडस अविचाराचेच होते आणि दरबाराला दोन वर्षेही पुरती लाभली नाहीत. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दफनाऐवजी दहन करण्यात आले. त्यांच्या पश्चात दरबार फार काळ टिकला नाही.

तथापि हा संन्यास आणि तरुणपणीचे निघून जाणे यांत मोठा फरक आहे. या वेळी टिळकांनी जे सोडले ते वेतन, पद आणि सुरक्षितता. माणसे सोडली नाहीत. भगवी वस्त्रे धारण केली, पण पत्नी आणि मुले यांच्याशी असलेले नाते तोडले नाही. जुना संन्यासी घराकडे पाठ फिरवितो. टिळकांचा संन्यासी घराचे दार उघडे टाकून त्यात आणखी माणसे घेऊ पाहत होता. वनवासी फुलाच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले हे अखेरचे उत्तर होय.

ख्रिस्तसभेची वाट

अरण्यवासाला ख्रिस्तसभेने कधी वेडेपणा म्हटलेले नाही. स्वतः प्रभू येशू चाळीस दिवस अरण्यात राहिला. परंतु तेथून तो माणसांतच परतला, हेही शुभवर्तमान सांगते. तिसऱ्या शतकात इजिप्तमधील तरुण अँथनीने, सर्व विकून गोरगरिबांना दे, या प्रभूच्या वचनाचा अर्थ शब्दशः घेतला आणि शेतजमीन देऊन टाकली. आईवडील वारले होते आणि धाकटी बहीण त्याच्यावर अवलंबून होती. तिला विश्वासू व्रतस्थ कुमारिकांच्या हाती सोपविल्यावरच तो वाळवंटाकडे वळला. संत अथनेशिअसने त्याचे चरित्र लिहिताना या गोष्टीची नोंद करण्यास विसर पडू दिला नाही.

स्वित्झर्लंडमधील फ्ल्यूचे संत निकोलस यांचे उदाहरण टिळकांच्या अधिक जवळचे आहे. ते गृहस्थ होते आणि त्यांना दहा अपत्ये होती. १४६७ साली पत्नी डोरोथिया हिची संमती मिळाल्यावर ते एकांतवासासाठी निघाले. थोरले मुलगे शेत सांभाळण्याजोगे झाले होते. अखेर ते राहिले तेही घरापासून थोड्याच अंतरावरच्या दरीत. १४८१ साली स्विस प्रांतांत यादवी माजण्याची वेळ आली तेव्हा याच एकांतवाशाच्या सल्ल्याने समेट घडला. आजही त्यांचे स्मरण करताना लोक डोरोथियाचेही स्मरण करतात आणि ते योग्यच आहे.

संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या पहिल्याच अध्यायात एकांतवास हा नवशिक्याच्या उत्साहाचा मार्ग नाही, मठातील सहजीवनात दीर्घकाळ कसोटी दिलेल्यांचा मार्ग आहे, असे स्पष्ट केले. १९८३च्या धर्मसंहितेत कलम ६०३ने एकांतवासी जीवनाला मान्यता दिली, पण तेही बिशपांच्या मार्गदर्शनाखाली. त्याच संहितेच्या कलम ६४३प्रमाणे, विवाह अस्तित्वात असेपर्यंत विवाहित व्यक्तीला व्रतस्थ जीवनाच्या नवशिष्यकाळात वैध प्रवेश मिळत नाही. हा नियम कोरडा वाटेल. पण त्यामागे मागे राहणाऱ्या पत्नीचा, पतीचा आणि लेकरांचा चेहरा आहे.

गोदाकाठची तीन घरे

नाशिकला ज्या गोदावरीच्या काठी टिळक शिकले तीच गोदावरी पुढे आपेगावावरून वाहत आमच्या गंगाखेडला येते. आपेगावचे विठ्ठलपंत तरुण पत्नीला सोडून काशीला गेले आणि संन्यासी झाले. घरी पत्नी आहे हे कळताच गुरूंनी त्यांना परत पाठविले, असे परंपरा सांगते. परतल्यावर समाजाने बहिष्कार घातला आणि त्याची झळ निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चार निष्पाप लेकरांना सोसावी लागली. चूक बापाची की निर्दय समाजाची, हा वाद कितीही घालता येईल. सोसले मात्र मुलांनी. ज्ञानदेवांसारखे रत्न त्या घरात निपजले म्हणून त्या यातना योग्य ठरत नाहीत.

गंगाखेडच्या जनाबाईची कथा अगदी उलट आहे. ती वनात गेली नाही. पोरवयात पंढरपूरला नामदेवांच्या घरी आली आणि दासी म्हणून राबली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी यांतून तिला फुरसत कुठली? तरी जात्याशी बसल्या बसल्या तिला तिचा देव भेटला, असे आमच्या जिल्ह्यातील आयाबहिणी पिढ्यान् पिढ्या ओव्यांतून सांगत आल्या आहेत. देवाचे दर्शन होण्यासाठी अरण्य अनिवार्य असते तर जनाबाई संत झाली नसती. टिळकांच्या घरात जात्याशी बसण्याचा वाटा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला आणि त्यांचीही साधना टिळकांपेक्षा उणी नव्हती. टिळकांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांनंतर अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी आत्मचरित्रांत अग्रस्थानी मानली जातात. त्यांत पतीची थट्टा आहे, तक्रार आहे, पण कडवटपणा नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या ख्रिस्तवासी झाल्या.

आमचे निवेदन

टिळकांना आम्ही महापुरुष मानतो. म्हणूनच त्यांचे सगळेच अनुकरणीय होते असे म्हणण्याची आम्हाला गरज वाटत नाही. १९१७चा त्याग स्फूर्तिदायक आहे. तरुणपणी न सांगता घर सोडणे स्फूर्तिदायक नाही. त्या जखमा प्रभूच्या कृपेने आणि लक्ष्मीबाईंच्या थोरवीने भरून आल्या, एवढेच. प्रत्येक घरात लक्ष्मीबाई असतेच असे नाही. मराठवाड्यात परित्यक्ता स्त्रियांची संख्या थोडी नाही आणि त्यांतल्या बहुतेकींच्या दुःखाचे पुस्तक कधीच होणार नाही.

सर्व सोडून जावेसे ज्यांना वाटते त्यांनी तीन प्रश्न शांतपणे स्वतःला विचारावेत, अशी आमची विनंती आहे. माझ्या जाण्याची किंमत कोण देणार आहे, मी की माझ्यावर अवलंबून असलेले कोणी? माझी ही हाक मी आध्यात्मिक मार्गदर्शकासमोर किंवा अनुभवी वडीलधाऱ्यांसमोर पारखून घेतली आहे काय? आणि ही वाट मला शेवटी माणसांपासून दूर नेणार, की अधिक माणसांजवळ? ज्याला कर्जाचा, व्यसनाचा किंवा कलहाचा त्रास असह्य झाला आहे त्याला अरण्याची नव्हे, आधाराची गरज असते. त्याने धर्मग्रामाच्या दारी यावे. तेथे त्याची लाज काढली जाऊ नये, ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे.

दुसऱ्या बाजूने, आपल्या मुलामुलीला खरे पाचारण लाभले असता केवळ लोक काय म्हणतील या भीतीने त्यांना अडविणाऱ्या पालकांनाही टिळकांचे जीवन काही सांगते. अविचार वाटणारी प्रत्येक गोष्ट अविचार नसते. वृद्ध आईबापांची व्यवस्था काय, धाकट्या भावंडांचे शिक्षण कसे होणार, हे प्रश्न मुलांनी टाळू नयेत आणि पालकांनी व धर्मगुरूंनी ते एकत्र बसून सोडवावेत. अँथनीने बहिणीची सोय लावली. आपल्या कुटुंबांतील तरुणांनाही ती लावण्यास धर्मग्रामाने हातभार लावावा.

येत्या ९ मे रोजी टिळकांचे एखादे भजन आपापल्या घरी जरूर गावे आणि त्या प्रार्थनेत त्यांच्यासोबत लक्ष्मीबाईंचे नाव घ्यावे. जे देवाच्या हाकेस ओ देऊन निघाले त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी मागे राहून घर राखले त्यांच्यासाठीही, प्रभूचे आभार मानू या.